सोनोग्राफी नॉर्मल, तरी पोट दुखतंच: तरुण मुलींच्या ओटीपोटातल्या न उलगडणाऱ्या दुखण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात कॉट बेसिसवर राहणारी मुलगी पोट धरून बसली की आजूबाजूच्यांचं निदान ठरलेलं असतं: मेसचं तेल, परीक्षेचं टेन्शन, ॲसिडिटी. बऱ्याचदा ते बरोबरही निघतं. हे पान उरलेल्यांसाठी आहे. ॲसिडिटीच्या गोळ्या, जंताच्या गोळ्या, दोन-तीन सोनोग्राफ्या, सगळं झालं आणि दुखणं तिथेच, अशा मुलींसाठी आणि त्यांच्या आयांसाठी. प्रत्यक्ष तपासणीची जागा हे पान घेऊ शकत नाही. पण तपासणीला जाताना काय सांगायचं आणि काय विचारायचं, ते यातून कळेल.

दुर्मिळ कारणांचा विचार नेमका कधी करायचा?

आधी नेहमीची कारणं बाजूला काढायची: बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, मूतखडा, अपेंडिक्स, पाळीचं साधं दुखणं आणि गर्भधारणा. मग पुढच्यापैकी एक जरी लागू असेल तर ‘होईल कमी’ म्हणत थांबू नये. पुरेशा मात्रेत वेदनाशामक घेऊनही सलग तीन पाळ्यांत फरक नाही. पाळी सुरू झाल्यापासून दुखणं दर वर्षी वाढतंय. कायम एकाच बाजूला दुखतं. लहानपणी कधीतरी ‘एकच किडनी आहे’ असं सांगितलं होतं. शौचाला किंवा लघवीला होताना फक्त पाळीतच कळ येते. किंवा पाळी संपल्यावरही आठ-दहा दिवस घाण वासाचं, तपकिरी अंगावरून जातं.

डॉक्टर ‘कुठे दुखतं’ विचारतात. आणखी काय सांगावं?

‘केव्हा दुखतं’ ते सांगा. ओटीपोटात गर्भाशय, अंडाशय, मूत्राशय, आतडं असं सगळं दाटीवाटीने बसलेलं असतं आणि त्यांच्या मज्जातंतूंच्या वाटाही सामाईक असतात. त्यामुळे जागेवरून फसगत होते, तारखेवरून कमी होते.

तीन महिन्यांची नोंद ठेवा. बऱ्याच घरांत कालनिर्णयावर पाळीची खूण करायची सवय असतेच, ती थोडी वाढवायची. लाल रक्त दिसलं तो पहिला दिवस (नुसता डाग नव्हे). दुखलं त्या प्रत्येक तारखेला पाळीचा कितवा दिवस, कोणती बाजू, ० ते १० पैकी किती, कोणती गोळी किती वाजता घेतली आणि किती वेळाने उतार पडला, एवढं लिहायचं. ताप, उलटी, शौच किंवा लघवीची कळ, शरीरसंबंधाच्या वेळचं दुखणं यांना एकेक अक्षर ठरवून टाका.

एक गोष्ट हमखास राहते. गौरी-गणपतीला किंवा लग्नकार्याला पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली असेल, तर तेही लिहा. गोळी थांबवल्यावर येणारा रक्तस्राव तुमच्या नेहमीच्या चक्राप्रमाणे आलेला नसतो. ही नोंद नसेल तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

मुलगी पंधरा वर्षांची आहे, अजून न्हाण आलेलं नाही, पण दर महिन्याला चार दिवस पोट दुखतं. हे काय?

पाळी येत असेल, पण बाहेर यायला वाट नसेल, ही शक्यता पहिली. योनीमार्गाच्या तोंडाशी असलेल्या पडद्याला जन्मतःच छिद्र नसतं, किंवा थोडं वर एक आडवा पडदा असतो. रक्त दर महिन्याला आत साठत जातं, योनीमार्ग फुगतो, मूत्रमार्ग दाबला जातो आणि एके दिवशी मुलीला लघवीच होत नाही. काही मुली तर लघवी अडली म्हणूनच पहिल्यांदा दवाखान्यात येतात. नुसती कंबर दुखते म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे फिरणाऱ्याही असतात.

तोंडाशी पडदा असेल तर बाहेरूनच निळसर फुगवटा दिसतो. तपासणीला मिनिटभर लागतं, पण नेमकी तीच संकोचापायी राहून जाते. उपचार छोटा असला तरी तो शस्त्रक्रियागृहात आणि भूल देऊनच व्हायला हवा. पडदा नीट उघडून कडा मोकळ्या ठेवल्या जातात. सुईने टोचून थोडं रक्त काढणं ही चूक आहे: छिद्र पुन्हा बुजतं आणि साठलेल्या रक्तात जंतू शिरतात. कौमार्याचं काय, असा प्रश्न घरचे दबक्या आवाजात विचारतात. ही जन्मजात रचनेची दुरुस्ती आहे. चारित्र्याशी तिचा काहीही संबंध नाही. हवं असल्यास शस्त्रक्रियेचा तपशील लिहिलेलं पत्र जपून ठेवा.

आडवा पडदा मात्र वेगळं प्रकरण आहे. तो किती जाड आणि किती वर आहे, ते एमआरआयवर पाहिल्याशिवाय हात लावू नये.

दुखत नसलं तरी वयाच्या १५ व्या वर्षापर्यंत, किंवा स्तनांची वाढ सुरू झाल्यापासून तीन वर्षांत, पाळी आली नाही तर दाखवायचंच.

पाळी अगदी वेळेवर येते. मग आत रक्त अडकलंय असं कसं म्हणता येईल?

म्हणता येतं, आणि फसवणूक होते ती इथेच. गर्भात असताना मुलीचं गर्भाशय दोन नळ्या एकत्र येऊन बनतं. ते जुळणं अर्धवट राहिलं तर दोन गर्भाशयं किंवा दीड गर्भाशय तयार होतं. एका बाजूला वाट मोकळी असते, म्हणून पाळी ‘नॉर्मल’. दुसरी बाजू बंद असते आणि तिथलं रक्त साठत राहतं.

पहिला प्रकार: दोन गर्भाशयं, त्यातल्या एकाच्या खाली योनीमार्गाचा अर्धा भाग पडद्याने बंद, आणि त्याच बाजूची किडनी नाही. याला ओहविरा सिंड्रोम म्हणतात. किडनीचा संबंध कुठून आला? गर्भात किडनीची वाढ आणि गर्भाशयाच्या नळ्यांची वाढ शेजारी-शेजारी आणि एकमेकींच्या आधाराने होते. एकीत बिघाड झाला की दुसरीतही होतो. हा प्रकार उजव्या बाजूला जास्त दिसतो. बंद पडद्याला बारीक छिद्र असेल तर रक्त थोडं थोडं झिरपतं, मग पाळीनंतर कितीतरी दिवस घाण वास येतो आणि संसर्गाच्या गोळ्यांचे कोर्सवर कोर्स होतात. योनीमार्गातला तो पडदा काढून टाकला की बहुतेक दुखणं थांबतं. गर्भाशयाला हात लावावा लागत नाही.

दुसरा प्रकार: एकाच बाजूचं गर्भाशय पूर्ण वाढलेलं आणि शेजारी एक खुरटलेलं शिंग, ज्याला बाहेर वाट नाही पण आत अस्तर आहे. दर पाळीला ते फुगतं आणि उलटं वाहिलेलं रक्त पोटात सांडून एंडोमेट्रिओसिस होतो, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर रुजतं. असं शिंग दुर्बिणीने काढून टाकतात. दुखणं हे एक कारण झालं. दुसरं कारण जास्त गंभीर आहे: त्या शिंगात गर्भ राहिला तर ते फुटून जिवावर बेततं.

म्हणून ‘उजवी किडनी दिसत नाही’ एवढंच लिहिलेला जुना सोनोग्राफी रिपोर्ट घरात असेल तर तो फाइलमध्ये सगळ्यात वर लावा. आणि सोनोग्राफी शक्यतो दुखत असतानाच, पाळीच्या दिवसांत करून घ्या, कारण तेव्हा पोकळी भरलेली असते. एक नेहमीची चूक म्हणजे तपासणीआधीच पाळी थांबवणाऱ्या हॉर्मोनच्या गोळ्या सुरू करणं. रक्त साठायचं थांबतं, दुखणं थांबतं, सोनोग्राफी स्वच्छ येते आणि मूळ दोष आणखी दोन वर्षं झाकलेला राहतो.

वय २१, आणि रिपोर्टमध्ये ‘फायब्रॉइड’. इतक्या लवकर होतो का?

होऊ शकतो, पण या वयात कमी. गाठ गर्भाशयाच्या वरच्या कोपऱ्याजवळ, एकाच बाजूला, मध्ये पोकळी आणि त्यात जुनं घट्ट रक्त असं वर्णन असेल आणि पाळीतलं दुखणं गोळीला जुमानत नसेल, तर ती ‘अकुम’ असू शकते. म्हणजे गर्भाशयाच्या भिंतीत तयार झालेली छोटीशी जादा पोकळी. खरं गर्भाशय आणि त्याची पोकळी शाबूत असते, हीच तिची ओळख. एमआरआयवर ती नीट कळते, मात्र मागणीपत्रावर तशी शंका स्पष्ट लिहिलेली हवी. नुसतं ‘पोटदुखी’ लिहिलं तर रिपोर्टही तितकाच मोघम येतो. तेवढीच गाठ काढली जाते, पिशवी राहते.

अचानक एका बाजूला जीवघेणी कळ आली, दोन उलट्या झाल्या आणि तासाभराने थांबली. जायला हवं का?

हो, त्याच दिवशी. अंडाशय दोन बाजूंच्या बंधांवर टांगलेलं असतं. त्यावर गाठ असेल, विशेषतः ५ सेंटीमीटरहून मोठी, तर ते स्वतःभोवती फिरून पीळ बसू शकतो. किशोरवयीन मुलींत बंध लांब असतात, त्यामुळे गाठ नसतानाही पीळ बसतो. डाव्या बाजूला मोठ्या आतड्याने जागा अडवलेली असते, म्हणून उजवीकडे प्रमाण जास्त, आणि म्हणूनच अपेंडिक्सशी गल्लत. पीळ अर्धवट सुटतो, परत बसतो. त्यामुळे ‘थांबलं’ म्हणजे ‘संपलं’ असं नाही.

‘डॉपलरमध्ये (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) रक्तपुरवठा दिसतोय, म्हणजे पीळ नाही’ हे वाक्य धोक्याचं आहे. पीळ बसला की आधी पातळ भिंतीच्या शिरा दबतात, जाड भिंतीच्या धमन्या नंतर. रक्त आत जात राहतं, बाहेर पडत नाही, अंडाशय सुजत जातं. शिवाय त्याला दोन बाजूंनी रक्त मिळतं. म्हणजे डॉपलरवर प्रवाह दिसत असतानाही पीळ असू शकतो. एक अंडाशय दुसऱ्याहून बरंच मोठं, त्यातली बीजं कडेला ढकललेली आणि देठाशी भोवऱ्यासारखा वेटोळा दिसला, तर ती खूण जास्त भरवशाची. शेवटी निर्णय लक्षणांवरून होतो आणि खात्री दुर्बिणीतून.

शस्त्रक्रियेत अंडाशय काळंनिळं दिसलं तरी तरुण मुलीत पीळ सोडवून ते जागेवर ठेवणं हीच आजची पद्धत आहे. बहुतेक वेळा ते पुन्हा काम करू लागतं. सहा ते बारा आठवड्यांनी सोनोग्राफीत बीजं दिसतात. ‘काळं पडलंय, काढावं लागेल’ असं आधीच सांगितलं गेलं तर ‘ठेवता येईल का’ हे सही करण्याआधी विचारा. चोवीस तास उलटले म्हणून आशा सोडायचं कारण नाही, पण प्रत्येक तास महत्त्वाचा.

निघताना चहा, बिस्किट, लिंबूपाणी काहीही देऊ नका. भूल द्यावी लागू शकते.

अविवाहित मुलीला प्रेग्नन्सी टेस्ट करायला सांगतात. अपमान वाटतो.

पाळी सुरू झालेल्या प्रत्येक मुलीच्या पोटदुखीत ती करायची असते. डॉक्टरांनी संशय घेतला असा त्याचा अर्थ नाही. गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटला तर काही तासांत पोटात लिटरभर रक्त साठू शकतं, आणि तो ओळखायची पहिली पायरी म्हणजे ही पाच मिनिटांची लघवीची तपासणी. थोडं रक्त गेलं ते पाळीचं समजून अशा मुली घरी थांबतात.

टेस्ट निगेटिव्ह, पाळीला आठवडा-दहा दिवस उरलेत, व्यायाम किंवा शरीरसंबंधानंतर एकदम दुखायला लागलं, तर बीज बाहेर पडल्यानंतर उरलेली गाठ फुटून रक्तस्राव झालेला असू शकतो. बहुतेकदा तो आपोआप थांबतो. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर थांबेलच असं नाही. चक्कर, घाम, नाडी शंभरच्या वर, आडवं झाल्यावर खांद्याच्या टोकाला दुखणं: यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. सुरुवातीच्या काही तासांत हिमोग्लोबिन नॉर्मल येऊ शकतं, त्यावर विसंबू नये.

मुलगी १८ वर्षांखालची असून गरोदर असल्याचं कळलं तर पोक्सो कायद्यानुसार डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं. त्यासाठी उपचार अडवता येत नाहीत.

लग्न झालेलं नसेल तर आतून सोनोग्राफी करतात का?

ज्यांचा शरीरसंबंध आलेला नाही त्यांची सहसा करत नाहीत. पोटावरून करतात, त्यासाठी मूत्राशय गच्च भरलेलं लागतं: तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी प्यायचं आणि लघवीला जायचं नाही. अर्धवट भरलेल्या मूत्राशयावरची सोनोग्राफी आणि तिचा ‘नॉर्मल’ रिपोर्ट यांची किंमत फारशी नाही. एवढ्याने भागलं नाही तर गुदद्वारातून सोनोग्राफी किंवा एमआरआय हे पर्याय आहेत. शरीरसंबंध आलेला असेल तर लग्नाचा प्रश्नच नाही, संमतीचा आहे. त्यामुळे आई किंवा मावशी खोलीबाहेर असताना हा प्रश्न विचारला जावा, असं सांगायला मुलीने कचरू नये.

एंडोमेट्रिओसिस असता तर सोनोग्राफीत दिसला असता ना?

अंडाशयातली चॉकलेट गाठ (जुन्या, घट्ट रक्ताने भरलेली) दिसते. पोटाच्या आतल्या पडद्यावरचे काही मिलीमीटरचे डाग दिसत नाहीत. किशोरवयात ते काळे नसून पारदर्शक किंवा लालसर असतात, म्हणजे दुर्बिणीतूनही सराव नसलेल्या नजरेतून सुटतात. हा आजार मुळात दुर्मिळ नाही, दुर्मिळ आहे ते त्याचं वेळेवर निदान. गर्भाशयामागच्या खोल गाठी मात्र त्यासाठी प्रशिक्षित सोनोलॉजिस्टला सापडतात, म्हणून ‘एंडोमेट्रिओसिससाठी सोनोग्राफी’ असं स्पष्ट लिहून घ्या.

आता उपचार सुरू करायला आधी दुर्बीण टाकलीच पाहिजे असं मानत नाहीत. रचनेतला दोष नाही याची खात्री झाल्यावर हॉर्मोनच्या गोळ्या देऊन तीन ते सहा महिने पाहता येतं. डायनोजेस्ट रोज २ मिलिग्रॅम देतात, पण वाढीच्या वयात त्याने हाडांची घनता कमी होऊ शकते, तेव्हा मुलीचं वय पाहून निवड व्हावी.

सिझेरियन झालेल्या तरुण आईच्या टाक्यांजवळ गाठ असेल आणि ती पाळीतच सुजून दुखत असेल तर तो टाक्यातला एंडोमेट्रिओसिस. त्याला हर्निया किंवा ‘टाका पिकलाय’ समजतात. भोवतालच्या सेंटीमीटरभर निरोगी भागासकट गाठ काढावी लागते.

उजव्या बरगडीखाली दुखतं, पित्ताशय ठीक आहे. याचा गर्भाशयाशी काय संबंध?

गर्भनलिकांचा संसर्ग, बहुधा क्लॅमिडिया किंवा गोनोरिया, पोटातून वर सरकून यकृताच्या आवरणापर्यंत पोचतो आणि तिथे तंतूंचे चिकटे तयार होतात. दीर्घ श्वास घेतला, खोकला आला की चमक मारते. ज्या दोन डॉक्टरांच्या नावाने हा आजार ओळखला जातो, त्या फिट्झ-ह्यू आणि कर्टिस यांनी १९३० च्या दशकात त्याचं वर्णन केलं. ओटीपोटात फारसं दुखत नसलं की कुणाला शंका येत नाही. उपचार प्रतिजैविकांचा, साधारण १४ दिवसांचा, तोही पूर्ण. गेल्या ६० दिवसांतल्या जोडीदारालाही उपचार हवेत, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

‘पिशवीचा टीबी’ खरंच असतो? खोकला तर नाही.

असतो. भारतात तो डोक्यात ठेवावाच लागतो. फुप्फुसातला जंतू रक्तावाटे गर्भनलिकांत येऊन बसतो, फुप्फुस तोवर बरंही झालेलं असतं. लक्षणं मंद: ओटीपोटात जडपणा, पाळी कमी होत जाणं, कधी पोटात पाणी.

इथे नमुना हाताळताना होणारी चूक सांगायलाच हवी. अस्तराचा तुकडा पाळीच्या थोडं आधी घेतात. तो सगळाच फॉर्मेलिनमध्ये टाकला तर जंतू मरतात आणि कल्चर (जंतू वाढवून पाहायची तपासणी) निरुपयोगी होतं. तुकड्याचे दोन भाग हवेत: एक फॉर्मेलिनमध्ये, पेशींच्या तपासणीसाठी. दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये, सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी चाचणी) आणि कल्चरसाठी. बाटल्या लॅबला पोचवायला नातेवाइकांच्याच हाती देतात, तेव्हा दोन बाटल्या आहेत ना आणि कशावर काय लिहिलंय, ते पाहून घ्या.

निगेटिव्ह रिपोर्टने टीबी पूर्ण नाकारता येत नाही, आणि नुसत्या पीसीआर किंवा मॉन्टू (हातावर सुई टोचून करायची टीबीची चाचणी) पॉझिटिव्हवर औषधं सुरू करणंही बरोबर नाही. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून टीबी ठरवणाऱ्या चाचण्यांवर भारतात २०१२ पासून बंदी आहे. कुणी लिहून दिली तर करू नका. निदान पक्कं झालं तर सहसा सहा महिन्यांचा उपचार, सरकारी कार्यक्रमात मोफत, आणि निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये खात्यात.

सीए-१२५ वाढलंय. कॅन्सर?

सीए-१२५ हे रक्तात मोजलं जाणारं एक प्रथिन. तरुण मुलीत नुसत्या या आकड्यावरून कॅन्सर ठरत नाही. पाळी, एंडोमेट्रिओसिस, टीबी, गर्भधारणा, सगळ्यांत ते ३५ च्या वर जातं. या वयात अंडाशयात घट्ट गाठ दिसली तर एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या रक्ताच्या तपासण्या जास्त उपयोगी, कारण तरुणपणातले ट्यूमर वेगळ्या पेशींचे असतात.

स्त्रीरोगाचं काहीच सापडलं नाही तर?

उताणं झोपून दुखऱ्या जागेवर बोट ठेवा आणि डोकं-खांदे उचला. दुखणं वाढलं तर ते बहुधा पोटाच्या भिंतीतलं, अडकलेल्या मज्जातंतूचं. तिथे भुलीचं एक इंजेक्शन देऊनच निदान आणि आराम दोन्ही मिळतात.

दर महिन्याला पाळीच्या आधीच्या आठवड्यात तीव्र पोटदुखी, बद्धकोष्ठ, छातीत धडधड, हातापायांत अशक्तपणा आणि उजेडात ठेवल्यावर गडद होणारी लघवी असेल तर पॉर्फिरियाची शंका घ्यावी, म्हणजे हिमोग्लोबिनमधला ‘हीम’ हा घटक बनण्यात बिघाड असलेला दुर्मिळ आजार. लघवीचा नमुना दुखत असतानाच घ्यायचा आणि डबीला फॉइल गुंडाळून द्यायचा.

पाळीच्या दुखण्यावर गोळी कोणती, किती?

मेफेनॅमिक ॲसिड ५०० मिलिग्रॅम, मग दर सहा तासांनी २५०, खाल्ल्यावर, दोन-तीन दिवस. दुखणं सुरू होताच घ्यायची, कळ पूर्ण चढल्यावर ती फारशी धावून येत नाही. अल्सर, दमा किंवा एकच किडनी असेल तर विचारल्याशिवाय नको. अंगावर पुरळ, ताप आणि गाठी आल्या तर लगेच बंद करून दाखवा. पावसाळ्यात आणि त्यानंतर पुण्यात डेंग्यू असतोच, तेव्हा पोटदुखीबरोबर ताप असेल तर ही गोळी नको, पॅरासिटामॉल घ्या आणि रक्त तपासा.

पुण्यात कुठे जायचं?

सरकारी आणि महापालिकेच्या व्यवस्थेत स्टेशनजवळचं ससून, मंगळवार पेठेतलं कमला नेहरू, औंधचं जिल्हा रुग्णालय आणि पिंपरीचं वायसीएम आहे. रास्ता पेठेत केईएम आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया बसते का, ते भरती होण्याआधी आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला) विचारा. आधार आणि रेशनकार्ड जवळ ठेवा. जन्मजात रचनेच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र ‘अशा किती केल्यात’ हे डॉक्टरांना सरळ विचारायला हरकत नाही. पहिलीच शस्त्रक्रिया अर्धवट झाली तर दुसरी अवघड होते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर हातात काय काय असावं?

डिस्चार्ज कार्डावर ‘लॅप्रोस्कोपी केली’ एवढं पुरत नाही. शस्त्रक्रियेची पूर्ण टिपणी, दोन्ही अंडाशयं, दोन्ही नलिका आणि गर्भाशयामागची जागा यांचे फोटो किंवा व्हिडिओ, काय काढलं आणि काय ठेवलं, बायोप्सीचा रिपोर्ट कधी मिळणार, ही चार कागदं मागून घ्या. बायोप्सीचा रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी येतो, टाके बघायच्या तारखेच्या गडबडीत लॅबमध्येच पडून राहतो. तो आणायला कोण जाणार, ते घरी निघायच्या आधी ठरवा.